बांधावर आडवी ठेवलेली काठी

पडेगावच्या पुढे आज आमची बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की लवकर सुटका नाही. खिडकीतून पाहिलं तर रस्ताभर मेंढरं. धुळीच्या रंगाच्या पाठी एकमेकींना घासत चाललेल्या, मध्येच एखादं काळं तोंड वर उचललेलं. मागून एक घोडं, त्याच्यावर भांडी, भांड्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी कुंची घातलेलं लेकरू, राजासारखं बसलेलं. माघ सरत आलाय. रस्त्याकडेच्या लिंबांची पानं पिवळी होऊन गळतायत. उन्हाला अजून धार नाही, पण वारं कोरडं झालंय. म्हणजे धनगरांचे वाडे निघाले. आमच्याकडे वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं मिळून जो फिरता संसार होतो, तो वाडा.

माझ्या पुढच्या सीटवरच्या तरुणानं मोबाईल खिडकीबाहेर काढला आणि ओरडला, "ओ मामा, काठी वर करा की जरा! ब्येस दिसंल!"

मामांनी मागे पाहिलं, हसले आणि काठी डोक्यावर उगारली. मेंढरं पुढे सरकली. तरुण म्हणाला, "एक नंबर!"

एवढी साधी गोष्ट. एक हौशी मुलगा, एक हसरा माणूस, एक काठी. पण दोन वर्षांपूर्वी अशीच एक काठी हसत हसत वर गेली होती, आणि ती अजून खाली आलेली नाही.

लासूर स्टेशनच्या अलीकडे आमचं शेत आहे. ते माझे चुलते, तात्या, करतात. माझे वडील लहानपणीच शहरात आले आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात लागले. त्यामुळे माझी वर्षं दोन वासांत वाटली गेली. शहरात शाई आणि रॉकेलचा वास, आणि माघ-फाल्गुनात तात्यांकडे गेलं की मेंढरांचा. लोकर, लेंड्या, दूध आणि धूर यांचा मिळून एक दाट, उबदार वास असतो. तो एकदा कपड्यांना लागला की शहरात परतल्यावरही दोन धुण्यांपर्यंत टिकायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो आवडायचा.

ज्वारी काढून झाली की शेतात मेंढ्या बसवायच्या. दिवसभर त्या रानात चरतात आणि मुक्कामाला शेतात येतात. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, ते खुंट्यांना लावून त्यांना आत बसवलं की लेंडीखत आपोआप जमिनीत पडतं. दुसऱ्या दिवशी वाघर थोडी पुढे सरकवायची. असं करत करत सगळं शेत खतवून होतं. मोबदल्यात धान्य. तात्यांच्या शेतात धुळाबाचा वाडा येई. मला कळायला लागलं तेव्हापासून धुळाबाच. त्याची बायको सखूमावशी मला मेंढीचं कोमट दूध प्यायला लावायची आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "शहरातली माय तुमी, तुमाला पिशवीतलंच गोड लागायचं."

वाडा शेतात शिरायच्या वेळची एक रीत आहे. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहायचं आणि हातातली काठी बांधावर आडवी ठेवायची. तिच्यावरून आधी म्होरकी मेंढी जाते, मग बाकीची मेंढरं. कागद नाही, सही नाही. काठी खाली ठेवली, म्हणजे तुमच्या जित्राबावर ती मुक्काम हलेपर्यंत उचलली जाणार नाही. ज्यानं एकदा मेंढरावर काठी उगारली, त्याच्या शेतात कुठलाच वाडा बसत नाही. त्याच्या मुलाच्या काळातही नाही. लहानपणी मला त्या काठीची फार भीती वाटायची. एवढ्या मेंढरांच्या पायाखाली ती मोडेल असं वाटायचं. ती कधी मोडली नाही.

शहरात माझं शिक्षण पत्रकांवर झालं. वडील छापखान्यातून वाया गेलेले कागद घरी आणायचे आणि मी ते मोठ्यानं वाचायचे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. जाहीर निषेध. चलो कलेक्टर कचेरी. पाणी आमच्या हक्काचं. उद्गारचिन्ह ही काय चीज आहे हे मला स्वल्पविरामाच्या आधी कळलं. गोष्टीच्या पुस्तकातल्या राजकन्येपेक्षा मला 'तमाम कष्टकरी बंधू-भगिनींनो' जवळचे वाटायचे. वडिलांचा एकच नियम होता. खाली छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव नसेल, तर पत्रक छापायचं नाही. कोणी गयावया केली, जास्तीचे पैसे दाखवले, की वडील म्हणायचे, "नाम डालो भाऊ, फिर हम खुद ऐलान के ढोल बजाएंगे. बिननावाचं आपण छापत नाय."

असं वाढलेल्या मुलीला विनयदादा भेटले, तर काय होणार? ते माहितीपट करायचे. आमच्या कॉलेजात येऊन त्यांनी कचरा वेचणाऱ्या बायकांवरची फिल्म दाखवली आणि मला वाटलं, हे तर चालतंबोलतं पत्रक! फिल्म संपल्यावर ते म्हणाले होते, "सत्तेकडे सगळं असतं, आपल्याकडे फक्त पुरावा असतो." ते वाक्य मी माझ्या खोलीच्या भिंतीवर लिहिलं. घरमालकानं रंग द्यायला लावला, तेव्हा दुसऱ्या भिंतीवर लिहिलं.

पुढे त्यांनी वाड्यांवर काम सुरू केलं. चराईची रानं बंद होत होती, काही गावांत वाड्यांना अडवलं जात होतं, मारहाणही झाली होती. धुळाबाचं नाव त्यांना मी सांगितलं. मला शहरात काम होतं म्हणून शूटिंगला गेले नाही. मला त्याचं वाईट वाटलं होतं.

आषाढात शहरातल्या एका सभागृहात ती फिल्म दाखवली गेली. मी पहिल्या रांगेत होते. पडद्यावर आमची शिवना नदी आली, आमच्या बाभळी आल्या. धुळाबा आला, त्याचा पटका, त्याची मिशी. मी शेजारच्या मैत्रिणीला कोपर मारून सांगितलं, "हा आमचा धुळाबा!" आणि मग बांधावर एक माणूस आला. त्यानं काठी उगारली. "निघ माझ्या शेतातनं! पुन्हा दिसलास तर तंगडं मोडीन!" मेंढरं बावचळून एकमेकींवर चढली. धुळाबानं हात जोडले, म्हणाला, "मालक, दया करा." मागे सखूमावशी खाली बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. कॅमेरा त्या खांद्यांवर थांबला. बासरीचा एकच लांब सूर निघाला. सभागृहात कोणीतरी हुंदका दिला.

काठी उगारणारे तात्या होते.

माझे तात्या. कुत्र्यालाही 'हाड' म्हणताना आवाज न चढवणारे. माणूस आपल्याला माहीत असतो म्हणजे काय, असं काहीतरी डोक्यात गरगरत होतं. मैत्रिणीनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही. दिवे लागले, टाळ्या सुरू झाल्या, विनयदादा मंचावर गेले. मी मागच्या दारानं बाहेर पडले. आपल्या घरातलाच माणूस आपल्या सगळ्या पत्रकांतला शत्रू निघाला, याचं काय करायचं हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

सकाळच्या पॅसेंजरनं लासूर गाठलं. तात्या ओट्यावर बसून बियाणं निवडत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्यला का शिनुमा? धुळाबा म्हनत व्हता, शहरात लागला म्हनून. मी दिसलो का? कसा झालो?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"लई परेशान केलं त्या दादानं. पाच-सहा डाव उगारली काठी, खांदा भरून आला माझा. ह्यो धुळाबा मधीच फसकन हसायचा. 'मालक' म्हनायला लावलं त्याला! जल्मात मला मालक म्हनला न्हाय त्यो. अन् सखूनं तर कहर केला. तिला रड म्हनले, तर ती पदर तोंडात कोंबून अशी हसाया लागली, अशी हसाया लागली, थांबंचना. शेवटी दादा म्हनला, ऱ्हाऊ द्या, ब्येस हाय."

ते खांदे! ज्या खांद्यांवर सगळं सभागृह रडलं, ते हसत होते. काल मला तात्यांचा धक्का बसला होता. आज बसलेल्या धक्क्याला नावच सापडेना.

"तात्या, लोकांना ते खरं वाटलं," मी म्हटलं.

"काहीतरीच. खरंच मारायचं आसल तर कॅमेऱ्यापुढं कोन मारतंय? तेवढं कळत नाय व्हय लोकायला? जत्रंतलं सोंग आसतंय. राक्षस झालेल्या मानसाला कोनी दुसऱ्या दिवशी गावाबाहेर काढतंय का?"

आमच्या लोकांची चूक काय झाली असेल तर ती एवढीच. त्यांना वाटलं, पडदा म्हणजे जत्रेतला मांडव. तिथं समोर बसलेल्या सगळ्या गावाला माहीत असतं की राक्षसाच्या मुखवट्याआड सदू न्हावी आहे. इथं समोर बसलेल्यांना कोणी ते सांगितलंच नव्हतं.

विनयदादांना मी गुलमंडीतल्या एका चहाच्या दुकानात भेटले. ते शांत होते. अपराधी वगैरे मुळीच नव्हते, आणि हेच मला सर्वांत जास्त हादरवून गेलं.

"हे घडलेलं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या तालुक्यात एका म्हाताऱ्याचा हात मोडला. मी त्याच्या पालासमोर बसून राहिलो, तो कॅमेऱ्यापुढे बोलेना. पुन्हा त्याच वाटेनं जायचंय म्हणाला. मग काय करू? गप्प बसू? घडलेलं सत्य आहे, फक्त आपल्या कॅमेऱ्यासमोर घडलं नाही."

"मग तसं सांगा. एक ओळ टाका, की हा प्रसंग करून घेतलेला आहे."

"ती ओळ टाकली की सगळा माहितीपट खोटा ठरेल. तो मोडलेला हातसुद्धा. विरोधक टपूनच बसलेत."

"आणि तात्या?"

"तुझे तात्या तिथे एक व्यक्ती नाहीत. ते प्रतीक आहेत."

"लासूरच्या बाजारात त्यांना प्रतीक म्हणून कोणी ओळखत नाही, दादा. नावानं ओळखतात."

ते हसले. चहा संपवला. जाताना म्हणाले, "तू अजून लहान आहेस. मोठ्या सत्यासाठी थोडी मांडणी करावी लागते."

मी घरी येऊन वडिलांसमोर आदळआपट केली. बिननावाचं पत्रक आहे ते, मी म्हणाले. खाली नाव नाही, आम्ही हे रचलंय असं कबूल केलेलं नाही, आणि त्यावर शिक्का मात्र पुराव्याचा! वडील खाकरले.

"माय, एक सांगू का? तो 'अतिप्रचंड मोर्चाबद्दल जनतेचे जाहीर आभार' कागद तुला आठवतो? तू तोंडपाठ केला होतास."

"हौ."

"तो मोर्चाच्या आदल्या दिवशी छापला होता. दुसऱ्या दिवशी मशीन रिकामी नव्हती."

"आणि मोर्चा?"

"पाऊस झाला. थोडेसेच आले."

त्या कागदातल्या लाटा, तो जनसागर मी शाळेच्या भाषणात म्हटला होता. बक्षीस मिळालं होतं. म्हणजे विनयदादांना मी ज्या भिंतीवर उभी राहून दगड मारत होते, ती भिंतही अर्धी कागदाचीच. वडिलांना विचारलं, का छापलंत? ते म्हणाले, "खाली नाव होतं ना." एवढंच. पण मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही. मी लिहिते तेव्हा उद्गारचिन्हापाशी आता हात थोडा थांबतो. थांबतो, पण राग कमी होत नाही. वडिलांच्या कागदानं मोर्चा मोठा केला होता. ह्या फिल्मनं एका जिवंत माणसाच्या हातात काठी दिली आणि स्वतः निघून गेली.

फिल्मचा तेवढाच तुकडा कोणीतरी कापला आणि तो मोबाईलवर फिरू लागला. फिरत फिरत वाड्यांपर्यंत गेला. पुढच्या माघात धुळाबा एकटाच तात्यांकडे आला. मी तिथंच होते. तो ओट्यावर बसला नाही, अंगणातच टेकला.

"तात्या, आमचं लोक म्हनत्यात, ज्यानं काठी उगारली त्याच्या शेतात बसशील तर आमची वाघर तुज्या वाघरीला लागनार न्हाय."

"आरं पन त्यांला सांगितलं न्हाय का, सोंग व्हतं म्हनून?"

"सांगितलं की. तर म्हनत्यात, त्यानं तुजं तोंड धान्यानं बंद केलंय. आमी डोळ्यानं पाह्यलंय." धुळाबा जमिनीवर रेघा ओढत होता. "माजी पाठ, माजं जित्राब, मलाच ठावं न्हाय व्हय काठी पडली का न्हाय ते? पन माज्या तोंडापरीस त्या मोबाईलचं तोंड मोठं झालं."

एकट्या बिऱ्हाडानं फिरता येत नाही. लांडगा असतो, चोर असतात, आजारपण असतं. इतर वाड्यांनी त्याला तोडलं, तर धुळाबाला मेंढरं विकावी लागणार होती. आणि त्यांच्यात राहायचं, तर तात्यांनी आपल्याला मारलं हे कबूल करावं लागणार होतं. जे घडलंच नाही, ते.

शिवनेच्या कोरड्या पात्राकाठी वाडे उतरले होते. तात्या, धुळाबा, सखूमावशी आणि मी दुपारी तिथं गेलो. सगळ्या वाड्यांचे मिळून एकच थोरले कारभारी, ते घोंगडीवर बसले होते, भुवयाही पांढऱ्या झालेला माणूस. त्यांनी तात्यांना पाणी दिलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी बोलायला लागले. सत्य, पुरावा, मांडणी. त्यांनी हात वर केला.

"बाई, तुमचं लई ग्वाड हाय. पन आमी पाह्यलंय."

तेव्हा तात्या एकदम म्हणाले, "मंग पुन्ना करून दावतो! जसं तवा केलं, तसंच. बगा अन् सांगा सोंग हाय का न्हाय ते. चल रं धुळाबा."

सगळे गोळा झाले. तात्यांनी धुळाबाचीच काठी घेतली आणि उगारली. "निघ माझ्या शेतातनं..." पण त्यांचा आवाज कापत होता आणि कापणारा आवाज रागासारखाच वाटत होता. धुळाबानं हात जोडले. त्या दिवशी 'मालक' म्हणताना त्याला हसू फुटलं होतं. आज तो म्हणाला, "मालक, दया करा," आणि कोणीच हसलं नाही. त्यालाच त्या शब्दाची भीती वाटल्यासारखी झाली. मागे सखूमावशी मटकन खाली बसली. पदर तोंडाला गेला. खांदे गदगदू लागले.

कारभाऱ्यांच्या जावयानं मोबाईल पुढे केला होता. तो एकदा पडद्याकडे, एकदा मावशीकडे बघत होता. हुबेहूब तेच.

"बगा," तो म्हणाला. "तवाबी रडत व्हती, आताबी रडती."

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं काय? तो खरंच सांगत होता. दोन्ही सारखेच दिसत होते. मलाही फरक कळला नसता. मला तर सभागृहात कळला नव्हताच.

सखूमावशीनं पदर बाजूला केला. तिचा चेहरा ओला होता.

"तवा हसत व्हते, मुडद्या," ती म्हणाली. "रडतीया ती आता. दोन्ही यकच दिसतं व्हय रं तुला?"

जावयानं मोबाईल खाली घेतला. कारभाऱ्यांनी मूठभर वाळू उचलली आणि सोडून दिली. मग म्हणाले, "बगू." आणि उठले. न्याय झाला नाही, अन्यायही झाला नाही. वाडे पुढे निघून गेले. कोणी आमच्या शिवारात थांबलं नाही.

फाल्गुनात ज्वारी काढून झाली. तात्या रोज बांधावर काठी ठेवायचे आणि रोज उचलून घरी आणायचे. काकू म्हणाली, "पुरे करा, लोक हसत्यात." एका सकाळी धुळाबा आला. एकटं बिऱ्हाड. निम्मी मेंढरं भावानं वाटणी करून नेली होती. म्होरकी मेंढी काठीपाशी थबकली, तिनं काठी हुंगली. धुळाबानं तिला हाकललं नाही, तो थांबून राहिला. मग तिनं पाय टाकला. तेवढ्या मेंढरांकडून शेताचा एक कोपरा तेवढा खतवून झाला. त्यांना पुढे एकटं जायचं होतं, म्हणून ते लवकर निघाले.

आज बस सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. लासूरला उतरून मी सरळ शेतावर गेले. तात्या बांधावर उभे होते. ज्वारी काढायला अजून अवकाश होता, तरी त्यांनी काठी आडवी ठेवलीच होती. धुळाबाचा निरोप आलाय, ते म्हणाले. येतोय. कारभाऱ्यांचा वाडाही त्याच वाटेला लागलाय, पण वळेल की सरळ जाईल ते कोणालाच माहीत नाही. विनयदादांच्या फिल्मला बक्षीस मिळालंय. ती अजून ठिकठिकाणी दाखवली जाते आणि लोक अजून त्या खांद्यांपाशी रडतात. मी त्यांना लिहिते, ते उत्तर देत नाहीत. मी लिहीत राहणार.

"इकडं बग," तात्यांनी बोट दाखवलं.

शेतात ज्वारी उभी होती. धुळाबाची मेंढरं बसली होती तेवढा कोपरा काळाभोर हिरवा, माझ्या डोक्याच्याही वर, कणसं मुठीएवढी. आणि तिथून पुढे, जणू कोणी रेघ मारल्यासारखी, सगळी पिवळट, बुटकी, विरळ. शिकवलेला नाही, उभा केलेला नाही, असा पुरावा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"फोटू काढ की," तात्या म्हणाले. "त्या कारभाऱ्याला धाड मोबाईलवर. कळू दे, ज्याच्या शेतात मेंढरू सुखानं बसलं त्याचं रान कसं दिसतंय ते."

मी मोबाईल काढला.

"आसं नाय, आसं नाय. तेवढा कोपराच धर. बाकीचं कशाला दावतीस? सगळं रानच हिरवंगार दिसंल, ब्येस!"

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. तात्या निर्मळ हसत होते. मी मागे सरकले. अजून मागे. बांधावर आडव्या ठेवलेल्या काठीवरून मागे पाय टाकून पलीकडे उतरले, तेव्हा कुठं ती पिवळी, विरळ ज्वारीही सगळी चौकटीत आली. आणि चौकटीच्या एका कडेला, 'येडी हाय पोरगी' असं म्हणत हात हलवणारे तात्या.